सर्वज्ञ दासोपंत आणि पासोडीवरचा हिशोब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर, माहूर ही नावे आपल्या ओठांवर असतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांचे नाव मात्र त्या मानाने कमी ऐकू येते. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' ज्यांच्या नावावर सांगतात, ज्यांना लोकांनी 'सर्वज्ञ' म्हटले, त्या या थोर दत्तभक्ताचे चरित्र यंदाच्या अंकात सांगावे असे मनात आले. मी काही शास्त्री-पंडित नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, ३६ वर्षे बँकेत कारकुनी केली. त्यामुळे चरित्र सांगतानाही हिशोबाची भाषा मध्येच येईल, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ म्हणजे इ. स. १५५१ चा. वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे, आईचे नाव पार्वतीबाई. हा मुलूख तेव्हा बेदरच्या बरीदशाहीत होता. देशपांडे म्हणजे वसुलीचे दप्तर सांभाळणारे वतनदार. पीक आले तर मान मोठा, आणि पीक बुडाले तर जबाबदारीही तेवढीच मोठी! परंपरेने आलेली कथा अशी, की एका वर्षी वसुलीचा भरणा झाला नाही आणि बादशहाने दिगंबरपंतांच्या तरुण मुलालाच ओलीस ठेवून घेतले. महिन्याच्या आत रक्कम आली नाही, तर मुलाला बाटवण्याचे फर्मान सुटले.

बँकेत मी जामीनदार पुष्कळ पाहिले. कर्ज एकाचे, सही दुसऱ्याची, आणि नोटीस आली की दोघांचेही तोंड उतरलेले. पण इथे जामीन म्हणून स्वतः पोरच बसलेले होते. सांगतात, की दासोपंतांना रोजच्या खर्चासाठी जे मिळे तेही ते दान करून टाकत आणि दत्तात्रेयांचे स्मरण करत दिवस काढत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार असे नाव सांगणारा एक जण दरबारात आला, सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. मुलगा सुटला. घरी चौकशी केली, तर असा कोणी माणूस त्यांनी पाठवलेलाच नव्हता! मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथे आपल्याला सहज आठवेल.

आता बघा, तुमच्या-आमच्यापैकी कोणी असता तर घरी परतून सत्यनारायण घातला असता आणि पुन्हा दप्तराला बसला असता. दासोपंतांचे तसे झाले नाही. बादशहाच्या लेखी ते एका रकमेचे तारण होते. वडिलांच्या लेखी वतनाचा वारस, पत्नीच्या लेखी पती. महिनाभर मरणाच्या आणि धर्मांतराच्या छायेत बसलेल्या माणसाला प्रश्न पडणारच, की यातला मी नेमका कोणता? आणि ज्याने मला सोडवले त्याने नक्की कोणाला सोडवले? हा माझा तर्क आहे, पण पुढचे त्यांचे सगळे आयुष्य याच प्रश्नाच्या मागे गेले, हे त्यांच्या ग्रंथांवरून दिसते.

थोड्याच काळात त्यांनी घर सोडले आणि दत्तप्रभूंचे निद्रास्थान असलेले माहूर गाठले. तिथे बारा वर्षे तप केले. पुढे गोदाकाठी राक्षसभुवनला त्यांना दत्तपादुकांचा प्रसाद मिळाला, असे त्यांचे भक्त मानतात. नंतर ते अंबाजोगाईला आले आणि तिथेच स्थिरावले. घरची माणसेही कालांतराने तिथे येऊन मिळाली. म्हणजे संसार कायमचा टाकला असे नव्हे. संसारात परत आले, पण वेगळ्या हिशोबाने आले.

अंबाजोगाई हे गावही या प्रश्नाला अनुकूलच म्हणायचे. आत्मस्वरूपाचा विचार मराठीत मांडणारा 'विवेकसिंधु' शके १११० चा मानला जातो. तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी याच गावी आहे. पुढे ज्ञानेश्वर माउलींनी 'अमृतानुभव' लिहिला, चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचे उत्तर धाडले. दासोपंतांच्याच काळात पैठणला नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली. त्यात यदुराजाला चोवीस गुरू सांगणारा जो अवधूत येतो, तो म्हणजे आपले दत्तात्रेयच अशी आपली श्रद्धा. तेव्हा मी कोण हा प्रश्न काही परदेशातून आलेला नाही. आपल्या ओव्यांतून तो आठशे वर्षे विचारला जातो आहे.

दासोपंतांनी या प्रश्नाचे उत्तर लिहायला कागद घेतला नाही, पासोडी घेतली. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय ओवीबद्ध लिहून काढला. ओव्या सुमारे १६०० आहेत. चारशे वर्षांपूर्वीचे ते कापड अंबाजोगाईत जतन झाले. जे देहावर पांघरायचे, त्याच्यावरच देहाचा आणि देहाच्या मालकाचा विचार लिहिला!

पंचीकरण हा शब्द ऐकला की माणसे बिचकतात. पण हा सरळ अपूर्णांकांचा हिशोब आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच सूक्ष्म भूते. प्रत्येकाने आपले दोन भाग केले. अर्धा भाग, म्हणजे आठ आणे, स्वतःजवळ ठेवला. उरलेल्या आठ आण्यांचे चार भाग करून दोन-दोन आणे बाकीच्या चौघांना दिले. त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःचे आठ आणे आणि इतर चौघांकडून आलेले दोन-दोन आणे, असा पुन्हा सोळा आण्यांचा रुपया पुरा झाला. या मिश्रणातून स्थूल जग झाले आणि आपला देहही झाला.

पुढे देहाची यादी येते. हाडे, मांस, त्वचा, नाड्या, केस ही पृथ्वीची. घाम, लाळ, रक्त ही पाण्याची. भूक, तहान, झोप, आळस ही तेजाची. चालणे, वळणे, आखडणे, पसरणे ही वायूची. काम, क्रोध, शोक, मोह, भय हे आकाशाचे. मन, बुद्धी, चित्त, अहंकार, पाच प्राण आणि दहा इंद्रियेसुद्धा अशीच सूक्ष्म देहाच्या खात्यावर लिहिलेली. आता ज्याचे त्याला परत करा. हाडे पृथ्वीला गेली, श्वास वायूला गेला, भीतीसुद्धा तिच्या मालकाकडे गेली. माझे म्हणून जे जे दाखवावे ते दुसऱ्याच्या नावे निघते. मग माझ्या खात्यावर शिल्लक काय?

इथे वाटते की शिल्लक शून्य. पण नाही. ही यादी वाचतो कोण? जागेपणी जग बघतो, स्वप्नात दुसरेच जग बघतो आणि गाढ झोपेतून उठल्यावर छान झोप लागली हेही सांगतो. त्या झोपेत मन नव्हते, नाव नव्हते, मग साक्ष कोणी ठेवली? जो सगळे बघतो तो बघितल्या जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत सापडत नाही, कारण तो यादीतली रक्कमच नव्हे. वेदान्त त्याला साक्षी म्हणतो, आत्मा म्हणतो. दत्तभक्त त्यालाच आपल्या हृदयातला अवधूत म्हणतो.

हा नुसता पोथीतला विचार आहे का? मला तो उपयोगी पडला तो आईच्या आजारपणात. शेवटची दोन वर्षे तिची स्मृती गेली. आधी आमची नावे गेली, मग स्वतःचे नावही गेले. घरात सगळे म्हणू लागले, आता ही आई राहिलीच नाही. मला ते पटेना. पंचीकरणाच्या हिशोबात आठवण हे चित्ताचे काम, म्हणजे तीही यादीतलीच एक बाब. ती परत गेली, पण जाणणारा कसा जाईल? समोर पाणी धरले की तिला तहान कळत होती, कुणी जोरात बोलले की ती दचकत होती. आत कोणीतरी बघत होते. यामुळे माझे रडू थांबले असे नाही. पण तिच्यादेखत तिच्याविषयी ती नसल्यासारखे बोलायचे आम्ही बंद केले. रोज सकाळी तिला आई म्हणून हाक मारायची, उत्तर येवो न येवो, हे ठरवून टाकले.

निवृत्तीनंतर असाच अनुभव थोड्या प्रमाणात सर्वांना येतो. खुर्ची जाते, साहेब ही हाक जाते. दर नोव्हेंबरात आपण हयात आहोत याचा दाखला द्यावा लागतो, आणि कित्येकदा झिजलेला अंगठा यंत्राला ओळखूच येत नाही! अशा वेळी दासोपंतांची आठवण ठेवावी. अंगठा पृथ्वीचा. त्याची रेघ पुसली म्हणून आपण पुसले जात नाही.

नाथांविषयीही एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैची चूक होती, ती शोधत नाथ रात्रभर दिव्यापुढे बसले. चूक सापडल्यावर त्यांना झालेला आनंद पाहून गुरूंनी सुचवले, की हेच लक्ष भगवंताकडे लागले तर काय होईल! बँकेत ताळेबंद जुळवत उशिरापर्यंत बसलेल्यांना त्या एका पैचा आनंद चांगलाच ठाऊक असतो. नाथांच्या दारी दत्तप्रभू चोपदार होऊन उभे असलेले दासोपंतांनी पाहिले, असेही सांगतात. सर्वज्ञ म्हणवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या दारात आपला देव ओळखावा, यात त्यांच्या ज्ञानाची खरी पारख झाली असे मला वाटते.

शके १५३७ मध्ये, माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला. त्यांच्या देवघरांतून दत्तसेवा पुढे चालत राहिली. योगेश्वरीच्या दर्शनाला जाल तेव्हा मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या समाधीवरही डोके टेकवून या.

आणि तोवर घरी एवढे करता येईल. रात्री अंथरुणावर पांघरूण ओढून घेताना दिवसभराचे जे जे जमवले असेल, म्हणजे दुखणे, राग, मान-अपमान, उद्याची काळजी, ते ज्याचे त्याला परत करावे. मग जो उरतो त्याच्याजवळ दोन मिनिटे बसावे आणि दत्तनाम घेत झोपी जावे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!