युआन श्वांगांची शिदोरी

बौद्ध भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये, असा विनयाचा नियम आहे. तीन चीवरे, भिक्षापात्र, कायबंधन, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके, एवढाच त्याचा संसार. या नियमाने बांधलेला एक भिक्खू इसवी सनाच्या सातव्या शतकात चीनमधून निघाला, सोळा वर्षांच्या आसपास परमुलखात राहिला आणि वीस घोड्यांवर लादलेले ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. हा भिक्खू म्हणजे युआन श्वांग. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यांचे नाव ह्युएनत्संग असे छापलेले असे. सम्राट हर्षवर्धनाच्या दरबारातील त्यांचा सन्मान आपण शाळेत शिकलो. परंतु एवढ्या लांबच्या धम्मयात्रेचा खर्च कोणी सोसला आणि त्या धनाचे या अपरिग्रही माणसाने काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यांचे शिष्य हुइली यांनी लिहिलेल्या चरित्रात मात्र या जमाखर्चाच्या नोंदी आस्थेने जपलेल्या आहेत.

युआन श्वांगांचा जन्म इ.स. 602 च्या सुमारास चीनच्या होनान प्रांतात, लोयांग नगराजवळ झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरले बंधू भिक्खू होते. त्यांच्यामागोमाग हाही मुलगा तेराव्या वर्षी विहारात दाखल झाला. त्या काळी स्वी राजवंश कोसळत होता, देशात अराजक माजले होते. दोघे भाऊ अन्न आणि अध्ययन यांच्या शोधात सछ्वान प्रांताकडे गेले. पुढे निरनिराळ्या आचार्यांपाशी शिकताना तरुण युआन श्वांगांच्या ध्यानी आले की, एकाच ग्रंथाची चिनी भाषांतरे परस्परांशी जुळत नाहीत आणि विद्वानांची मते त्या भाषांतरांवरच उभी आहेत. मूळ संस्कृत ग्रंथ पाहिल्यावाचून हा घोळ सुटणार नव्हता. विशेषतः ‘योगाचारभूमिशास्त्र’ संपूर्ण मिळवायचेच, असा त्यांनी निश्चय केला.

सरहद्द ओलांडण्यास त्या वेळी राजाज्ञेने बंदी होती. काही सोबत्यांसह त्यांनी परवानगीसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. सोबत्यांनी बेत सोडला. युआन श्वांग इ.स. 629 च्या सुमारास परवान्यावाचून निघाले.

लियांगचौ हे सरहद्दीकडचे मोठे व्यापारी ठाणे. तेथे त्यांनी धम्मप्रवचने केली आणि पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांनी सोन्याचांदीची नाणी व घोडे यांचे भरघोस दान दिले. प्रवासाच्या तोंडावर असलेल्या कोणाही माणसाने ते गाठीशी बांधले असते. त्यांनी निम्मे दान दीपपूजेसाठी ठेवले आणि उरलेले विहारांना देऊन टाकले. पुढे ग्वाचौला पोहोचेपर्यंत त्यांचा घोडा मेला होता, त्यांना पकडण्याचा हुकूम मागोमाग आला होता. सुदैवाने तो हुकूम ज्याच्या हाती पडला तो अधिकारी श्रद्धावान निघाला. त्याने कागद त्यांच्यासमोरच फाडून टाकला.

वाळवंटाच्या तोंडाशी त्यांनी केलेला एक व्यवहार मला फार बोलका वाटतो. त्यांनी नवा घोडा मिळवला होता. वाटेत एक वृद्ध भेटला. त्याच्यापाशी तांबड्या रंगाचा, हाडे वर आलेला म्हातारा घोडा होता. परंतु तो घोडा हामीच्या वाटेने पंधरा वेळा जाऊन आलेला होता. युआन श्वांगांनी आपला घोडा देऊन तो घेतला. पुढे वाटाड्याचे धैर्य खचले आणि तो माघारी फिरला. तेव्हा त्यालाही त्यांनी मोबदल्यादाखल एक घोडा दिला. मग ते एकटे चालले. टेहळणीच्या एका चौकीवर त्यांना पाण्याची मोठी पखाल मिळाली होती. वाळवंटात ती हातून निसटली आणि हजार ली वाटेची बेगमी क्षणात वाळूत जिरली. चार रात्री आणि पाच दिवस त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही. अखेर त्या म्हाताऱ्या घोड्यानेच वाट सोडून वळण घेतले आणि त्यांना हिरवळीपाशी, पाण्यापाशी नेऊन उभे केले.

त्यानंतरचा मुक्काम तुर्फानचा. त्या वेळी ते गाओछांगचे राज्य होते आणि राजा छू वेनताय बौद्ध होता. त्याला हा भिक्खू इतका भावला की, त्याने त्यांना कायमचे ठेवून घ्यायचे ठरवले. विनंतीने जमेना तेव्हा धाकही घातला. युआन श्वांगांनी अन्नपाणी सोडले. तीन दिवस गेले, श्वास क्षीण होऊ लागला, आणि राजा वरमला. त्याने आपल्या मातेच्या साक्षीने त्यांच्याशी बंधुत्वाचे नाते जोडले. अट एकच घातली: परतताना याच वाटेने यावे आणि तीन वर्षे येथे राहून धम्म शिकवावा. युआन श्वांगांनी शब्द दिला.

मग राजाने केलेली तयारी पाहिली की, हिशेबी माणसालाही कौतुक वाटावे. जाऊन येऊन वीस वर्षे लागतील असे धरून त्याने शंभर ल्यांग, म्हणजे सुमारे चार किलो सोने दिले. चांदीची तीस हजार नाणी आणि रेशमी कापडाचे पाचशे तागे दिले. चार श्रामणेर, पंचवीस सेवक, तीस घोडे, चीवरांचे तीस जोड. थंडी ओळखून तोंड झाकण्याची वस्त्रे, हातमोजे, बूट आणि पायमोजेही. वाटेतील चोवीस राज्यांच्या राजांना चोवीस पत्रे लिहिली, प्रत्येक पत्राबरोबर एकेक रेशमी तागा. या साऱ्यांचा अधिपती असलेल्या पश्चिमी तुर्कांच्या खानासाठी वेगळे पाचशे तागे आणि दोन गाड्या फळे. पत्रांत मागणे असे की, या भिक्खूला पुढच्या मुक्कामापर्यंत घोडे द्यावेत. माझ्या मते सोन्यापेक्षा ही पत्रेच अधिक मोलाची ठरली. सोने वाटेत लुटले जाते. खानाने मानलेले पत्र एकामागून एक दरवाजे उघडत जाते. खानाने पुढे चिनी भाषा जाणणारा एक दुभाषीही सोबत दिला.

खर्चाचे चटके लगेच बसू लागले. अग्नी देशाच्या वाटेवर लुटारूंची टोळी आडवी आली. तिला काही चीजवस्तू देऊन वाटेला लावावे लागले. बरोबरचे काही व्यापारी बाजार आधी गाठण्याच्या लोभाने मध्यरात्रीच पुढे निघून गेले होते. सकाळी वाटेत त्यांची प्रेते दिसली. माल गेला होता. त्यानंतर त्यानशान पर्वताचा बर्फ आला. सात दिवसांच्या त्या चढणीत दहांतील तीन-चार माणसे थंडीने आणि उपासमारीने दगावली. बैल आणि घोडे त्याहून अधिक. छू वेनतायने दिलेले हातमोजे तेथे पुरे पडले नाहीत.

सध्याच्या अफगाणिस्तानातील हड्डा येथे बुद्धांच्या शिरोस्थीचे दर्शन घेतल्यावर त्यांनी पन्नास सुवर्णमुद्रा, हजार रौप्यमुद्रा, चार रेशमी पताका, किनखापाचे दोन तागे आणि चीवरांचे दोन जोड अर्पण केले. गांधारात तर जेथे मोठा स्तूप किंवा मोठा विहार दिसेल तेथे राजाच्या देणगीतील वाटा ठेवत ते पुढे गेले. वीस वर्षांसाठी मिळालेले धन भारताच्या उंबरठ्यावरच अशा रीतीने वाटले जात होते. हा अव्यवहारीपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. छू वेनताय स्वतः या स्तूपांपर्यंत येऊ शकत नव्हता. त्याचे दान तरी तेथे पोहोचले. आणि विद्वान भिक्खूला भारतात अन्न व निवारा मिळतो, हे युआन श्वांग एव्हाना अनुभवाने जाणत होते. काश्मीरच्या राजाने त्यांना ग्रंथांच्या नकला करण्यासाठी वीस लेखनिक आणि सेवेसाठी पाच माणसे दिली. खर्च सगळा राज्याचा. तेथे ते दोन वर्षे शिकले.

पंजाबात पळसाच्या रानात पन्नास दरोडेखोरांनी त्यांना आणि सोबत्यांना गाठले, अंगावरची वस्त्रेसुद्धा काढून घेतली आणि मारण्यासाठी एका कोरड्या तळ्याकडे हाकलले. काटेरी झुडपांतून निसटून त्यांनी शेत नांगरणाऱ्या एका ब्राह्मणाला गाठले. त्याने शंख फुंकून गाव गोळा केले आणि बाकीच्यांची सुटका झाली. सोबती रडत होते. युआन श्वांग मात्र हसत होते. जीव वाचला, मग कपड्यांचे काय एवढे, असा त्यांचा भाव होता. दुसऱ्या नगरात ही वार्ता पोहोचली तेव्हा तीनशेहून अधिक लोक प्रत्येकी एकेक सुती कापड घेऊन आले. सर्वांना पुरून ते उरले.

इ.स. 637 च्या सुमारास ते नालंदा महाविहारात पोहोचले. शंभरी ओलांडलेले आचार्य शीलभद्र यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले आणि ‘योगाचारभूमिशास्त्र’ पंधरा महिने शिकवले. नालंदेच्या ग्रंथसंपदेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या कोठाराविषयी कमी. शंभर गावांचे उत्पन्न महाविहाराला तोडून दिलेले होते. त्या गावांतील दोनशे घरे रोज तांदूळ, लोणी आणि दूध पोहोचवीत. म्हणून तेथील विद्यार्थ्याला अन्न, वस्त्र, अंथरूण आणि औषध यांसाठी दारोदार जावे लागत नसे. ज्यांनी वसतिगृहाच्या भोजनालयाची वही सांभाळली आहे, त्यांना या दोनशे घरांची किंमत सांगावी लागणार नाही. युआन श्वांगांना रोज मिळणारा शिधाही नोंदलेला आहे: एकशे वीस जंबीर फळे, वीस सुपाऱ्या, वीस जायफळे, थोडा कापूर आणि मगधातच पिकणाऱ्या टपोऱ्या, सुवासिक महाशाली तांदळाचे एक माप. तेल महिन्याला मिळे. एवढा शिधा तेथे मोजक्या दहा जणांनाच होता.

नालंदेहून त्यांनी दक्षिणेचा दौरा केला. पुलकेशीचे महाराष्ट्र पाहिले. येथील माणसे उपकार न विसरणारी आणि अपमान न गिळणारी आहेत, असे त्यांनी नोंदवून ठेवले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्यांनी केले, तो अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात.

पुढे कनौजच्या धर्मपरिषदेत अठरा दिवस त्यांच्या मताचे खंडन कोणी करू शकले नाही. हर्षवर्धनाने दहा हजार सुवर्णमुद्रा, तीस हजार रौप्यमुद्रा आणि शंभर वस्त्रे पुढे केली. मांडलिक राजांनी रत्ने दिली. त्यांनी काहीच घेतले नाही. प्रयागच्या महादानानंतर निरोपाच्या वेळी कामरूपाच्या कुमार राजाकडून त्यांनी एकच वस्तू स्वीकारली. ते होते भरड लोकरीचे, घोंगडीसारखे, पाऊस अडवणारे पांघरूण.

हर्षाने त्यांना समुद्रमार्गाने पाठवण्याची तयारी दाखवली होती. ग्रंथ आणि मूर्ती यांचे ओझे पाहता तीच वाट सोयीची होती. युआन श्वांगांनी मात्र डोंगराळ खुष्कीचा मार्ग निवडला, कारण तुर्फानच्या राजाला त्यांनी शब्द दिला होता. तेव्हा हर्षाने एक मोठा हत्ती, तीन हजार सुवर्णमुद्रा आणि दहा हजार रौप्यमुद्रा वाटखर्चासाठी दिल्या. पण भिक्खूच्या हाती नव्हे, सोबत जाणाऱ्या उत्तरेकडील एका राजाच्या स्वाधीन केल्या. विनयाचा नियमही राहिला आणि वाटखर्चही झाला.

सिंधू ओलांडताना वादळात नाव हेलकावली. ग्रंथांचे पन्नास गठ्ठे आणि भारतातून जमवलेले फुलांचे बियाणे प्रवाहात गेले. कपिशाच्या राजाकडे पन्नासहून अधिक दिवस थांबून त्यांनी काही ग्रंथांच्या नकला पुन्हा करवून आणल्या. पुढे पामीरच्या परिसरात तो हत्तीही बुडाला आणि ओझे वाहण्याचा प्रश्न उभा राहिला. ज्याच्यासाठी ही वाट धरली, तो छू वेनताय तर इ.स. 640 मध्येच मरण पावला होता आणि त्याचे राज्य चीनच्या सैन्याने जिंकले होते. तीन वर्षांचे ते देणे फेडायचे राहिले.

खोतानहून त्यांनी चीनच्या सम्राटाला पत्र लिहून विनापरवाना गेल्याची कबुली दिली. सम्राट ताइत्सुंगने क्षमा केली, एवढेच नव्हे तर भारवाहक आणि जनावरे पुरवण्याचे हुकूमही सोडले. सरहद्दीपर्यंत ओझी आणणाऱ्या खोतानच्या माणसांना मजुरी देण्याची आज्ञा झाली होती. त्यांनी ती न घेता परतीची वाट धरली. इ.स. 645 मध्ये 657 ग्रंथ 520 गठ्ठ्यांत बांधून राजधानी छांगआनमध्ये पोहोचले.

यानंतरची एकोणीस वर्षे भाषांतरात गेली. 1,300 हून अधिक खंड त्यांनी चिनी भाषेत आणले. ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून त्यांना दगडी स्तूप हवा होता. खर्च फार होईल म्हणून सम्राटाने विटांचा मंजूर केला आणि त्यासाठी राजवाड्यातील मृत स्त्रियांची वस्त्रे व चीजवस्तू दिल्या. इ.स. 652 मध्ये काम सुरू झाले, तेव्हा युआन श्वांग स्वतः टोपल्यांतून विटा वाहत होते. पुढे पुन्हा बांधला गेलेला तो स्तूप शीआन शहरात आजही उभा आहे. सिंधूत गेलेले ग्रंथ ते विसरले नव्हते. इ.स. 654 मध्ये भारतातील भिक्खूंना लिहिलेल्या पत्रासोबत त्यांनी त्या ग्रंथांची यादी जोडली आणि ते पुन्हा पाठवण्याची विनंती केली.

इ.स. 664 मध्ये त्यांचे निधन झाले. आपला देह साध्या चटईत गुंडाळून न्यावा, असे त्यांनी शिष्यांना सांगून ठेवले होते. राजधानीतील रेशीम व्यापाऱ्यांनी तीन हजार तागे वापरून एक भव्य शिबिका सजवून आणली. शिष्यांनी आचार्यांची तीन चीवरे त्या शिबिकेत ठेवून ती पुढे चालू दिली. मागून चटईच्या साध्या पालखीतून युआन श्वांगांचा देह नेण्यात आला.