गोव्याचे वैद्यराज गार्सिया द ओर्ता

पावसाळा लागला की आपल्या घराघरांतून आजीबाईचा बटवा बाहेर येतो. खोकल्याला आले आणि मिरी, पोट बिघडले तर सुंठ किंवा बेलफळाचा मुरंबा, मुका मार लागला तर निर्गुडीच्या पाल्याचा शेक. उन्हाळ्यात कोकमाचे सरबत तर हवेच. हे ज्ञान आपल्याला वाडवडिलांकडून मिळाले. परंतु हेच ज्ञान ४५० हून अधिक वर्षांपूर्वी एका परदेशी डॉक्टरने आपल्याच किनाऱ्यावर बसून लिहून ठेवले, गोव्यात छापले आणि त्यामुळे साऱ्या युरोपला आपल्या झाडपाल्याची नीट ओळख झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या डॉक्टरचे नाव गार्सिया द ओर्ता. त्यांची जीवनकथा आज आम्ही सांगणार आहोत. या कथेचा शेवट गोड नाही. तो आपल्या ख्रिस्तसभेला खाली मान घालायला लावणारा आहे. तरीही तो न वगळता सांगणे आम्हाला योग्य वाटते.

गार्सिया यांचा जन्म सन १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या लहानशा गावी झाला. त्यांचे आईवडील यहुदी होते. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुदी लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले होते. तेथेही त्यांना शांती मिळाली नाही. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने तेथील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यायला लावला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. नाव ख्रिस्ती, पण समाजाची नजर कायम संशयाची! अशा घरात गार्सिया वाढले.

स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. १५२३ मध्ये ते गावी परतले. काही वर्षे रुग्णसेवा केल्यानंतर ते लिस्बनला गेले व तेथील विद्यापीठात शिकवू लागले. मानाची जागा मिळाली होती. पण देशात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेऊन शिक्षा करणारे धर्मन्यायालय, येणार अशी चिन्हे दिसत होती. ते १५३६ साली आलेच. त्याआधी दोन वर्षे, १५३४ च्या मार्च महिन्यात, गार्सिया यांनी मार्तिम आफोन्सो द सोझा या दर्यासारंगाचे वैद्य म्हणून हिंदुस्थानची वाट धरली होती. सप्टेंबरमध्ये त्यांचे जहाज गोव्याला लागले. पुढे १५४२ साली हेच मार्तिम आफोन्सो गव्हर्नर होऊन पुन्हा गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या ताफ्यातून संत फ्रान्सिस झेवियर आपल्या देशात आले, हे वाचकांना आठवत असेल.

पहिली चार वर्षे गार्सिया आरमाराबरोबर दीव, काठेवाड, मलबार, सिलोन असे फिरले. नंतर मात्र ते गोव्यातच स्थायिक झाले आणि मायदेशी कधीच परत गेले नाहीत. व्हाइसरॉय आणि गव्हर्नर त्यांच्याकडून औषध घेत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्यांची खरी मैत्री जमली. सुलतान त्यांना रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि ते सुलतानाला लॅटिन नावे शिकवीत. एक मुसलमान राजा व एक पोर्तुगीज वैद्य एकमेकांचे विद्यार्थी झाले, हे चित्र त्या लढायांच्या काळात किती सुंदर वाटते!

मुंबईशीही त्यांचा जवळचा संबंध होता. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईचे बेट पोर्तुगीजांकडे आले होते. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट गार्सिया यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने देण्यात आले. तेथे त्यांचे घर आणि बाग होती. आज फोर्ट भागात नौदलाचा तळ आहे, त्या ठिकाणी हे घर होते असे मानतात. त्यांच्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड होते, त्याची आठवण त्यांनी मोठ्या कौतुकाने लिहून ठेवली आहे. घारापुरीची लेणी पाहून त्यांचे वर्णनही त्यांनी केले.

गोव्यात छापलेला ग्रंथ

१५५६ साली येशूसंघीयांच्या हाती हिंदुस्थानातील पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, गार्सिया यांचा हिंदुस्थानातील औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध झाला. विद्वानांची भाषा लॅटिन, पण त्यांनी तो साध्या पोर्तुगीज भाषेत लिहिला. छपाईच्या चुका इतक्या झाल्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. महाकवी लुईस द कामोंइश तेव्हा गोव्यात होते. त्यांची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे.

ग्रंथाची मांडणी गमतीदार आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक डॉक्टर स्पेनहून गोव्याला येतो. त्याने जुने ग्रंथ वाचलेले आहेत. तो प्रश्न विचारतो आणि गार्सिया अनुभवाने उत्तर देतात. मध्येच घरची दासी अँटोनिया हिला हाक मारली जाते. ती बागेतून पाला, फळ किंवा मूळ आणून पुढे ठेवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही बोलायला येतो. कोरफडीपासून सुरुवात करून वर्णक्रमाने एकेका वस्तूची अशी चर्चा चालते. वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ, आले, हळद, कापूर, चंदन, हिंग, विड्याचे पान, फणस, जांभूळ, बोर, कोकम, आंबा, चिंच, नारळ अशी आपल्या परिचयाची सारी मंडळी येथे भेटतात.

नारळाचे प्रकरण वाचताना तर आपल्याच वाडीत फिरतो आहोत असे वाटते. माडाची सुरा, तिचा गूळ, खोबरे, तेल, काथ्या, सर्व काही त्यात आहे. चिंचेला अरब लोक हिंदी खजूर म्हणत, पण तिचे झाड खजुराचे नव्हे, हे त्यांनी समजावून सांगितले. पोट साफ होण्यासाठी चिंचेचा कोळ साखर घालून देण्याची येथील पद्धत त्यांना पसंत होती. कच्च्या बेलफळाचा उपयोग हगवणीवर, निर्गुडीचा ठणक्यावर आणि कडुनिंबाचा जखमांवर, हे त्यांनी येथल्या लोकांकडून शिकून घेतले. धोत्रा मात्र चोराचिलटांचे हत्यार आहे, जेवणात तो मिसळून माणसाची शुद्ध हरपवतात व लुबाडतात, असा इशारा त्यांनी दिला.

हिंगाबद्दल त्यांनी एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा उमदा घोडा विकायचा होता. पण घोड्याला वाताचा इतका त्रास की राजा तो घेईना. मालकाने पिठात हिंग मिसळून घोड्याला चारला. घोडा बरा झाला आणि राजाने तो विकत घेतला. कशाने बरा केलास, असे राजाने विचारले तेव्हा मालकाने हिंगाचे नाव सांगितले. देवांचे अन्न दिल्यावर घोडा बरा होणारच, असे राजा म्हणाला. हिंगाच्या वासाने नाक मुरडणारा तो पोर्तुगीज मात्र हे सैतानाचे अन्न असेल, असे हळूच पुटपुटला. आज पोट फुगले तर बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावणाऱ्या आपल्या आयांना या गोष्टीचे हसू येईल.

मोडशी आणि पेज

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते मोडशीचा आहे. आज आपण जिला कॉलरा किंवा पटकी म्हणतो, त्या आजाराचे युरोपीय डॉक्टरने केलेले हे अगदी सुरुवातीच्या तपशीलवार वर्णनांपैकी एक. येथील लोक त्याला मोडशी म्हणतात, हेही त्यांनी नोंदवले. उलट्या, जुलाब, मंद होत जाणारी नाडी, खोल गेलेले डोळे, पायांत गोळे येणे आणि एका दिवसात मृत्यू! काही रोगी दहा तासही टिकले नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. स्थानिक वैद्य अशा रोग्याला मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हे त्यांनी लिहून ठेवले. पायांना डाग देण्यासारखे अघोरी उपायही तेव्हा चालत, त्यांचीही नोंद आहे. डाग देण्याचा काही उपयोग नाही. पण पेजेचा आहे. या आजारात शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात व त्यानेच रोगी दगावतो. म्हणूनच आज डॉक्टर मीठ, साखर व पाण्याचे जीवनरक्षक मिश्रण देतात आणि तांदळाच्या पिठापासून केलेले मिश्रणही त्यासाठी वापरले जाते. आपल्या आज्यांच्या पेजेत अर्धे शास्त्र होते, असे म्हणायला हरकत नाही. मात्र वाचकहो, जुलाब थांबत नसतील तर घरी थांबू नका, रोग्याला पाणी पाजत ताबडतोब दवाखाना गाठा.

गार्सिया यांच्याही चुका झाल्या. लांब पिंपळी ही मिरीपेक्षा वेगळी वनस्पती आहे, हे त्यांनी बरोबर सांगितले. पण काळी व पांढरी मिरी निरनिराळ्या वेलींची आहे असे ते समजले. वास्तविक दोन्ही एकाच वेलीची फळे आहेत. पिकल्यावर साल काढली की पांढरी मिरी होते. त्यांचा खरा मोठेपणा त्यांच्या वृत्तीत आहे. ग्रीक, रोमन आणि अरब पंडितांनी लिहिले म्हणून ते खरे, असे त्यांनी मानले नाही. डोळ्यांनी पाहावे, हाताने तपासावे, बाजारातल्या व्यापाऱ्याला आणि गावच्या वैद्याला विचारावे, मगच लिहावे, ही त्यांची रीत होती. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस जिंकलेल्या लोकांकडून शिकायला बसला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मृत्यूनंतरची शिक्षा

१५६० साली इन्क्विझिशन गोव्यात आले. ज्या भीतीपासून गार्सिया दूर समुद्रापार आले होते, ती भीती मागोमाग त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांची आई व बहिणी १५४९ मध्येच गोव्यात आल्या होत्या. १५६८ साली गार्सिया वारले. त्यांना कोणी हात लावला नव्हता. परंतु त्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. छुप्या रीतीने यहुदी धर्म पाळते, असा आरोप होता. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांतून गार्सिया यांचेही नाव पुढे आले. अखेर ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्यांची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या हातांनी कितीक ख्रिस्ती रोग्यांची नाडी पाहिली, त्यांची राख मांडवी नदीत टाकली गेली, असे सांगतात.

ग्रंथ मात्र जळला नाही. क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये त्याची प्रत लिस्बनमध्ये मिळाली. त्याने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ साली अँटवर्पला छापला गेला. पुढे इटालियन व फ्रेंच भाषांतरे झाली. दोनशे वर्षे युरोपातील औषधविद्येचे विद्यार्थी आपल्या हिरड्या-बेहड्यांची नावे त्यातून शिकत होते. आज पणजीतील उद्यानाला आणि पोर्तुगालमधील एका मोठ्या इस्पितळाला गार्सिया यांचे नाव आहे.

गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असे स्पष्टपणे शिकवले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती आणि यहुदी लोकांवरील अन्याय या दोन्हींचा त्यात उल्लेख होता. त्यातील पहिल्या पापाची कबुली कार्डिनल रॅट्झिंगर यांनी वाचली. पुढे तेच पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. गार्सिया आणि कातारिना यांना या क्षमायाचनेचा काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आपल्याला आहे. ज्याची श्रद्धा आपल्यापेक्षा वेगळी, त्याच्याविषयी मनात संशय आला की या भावंडांची आठवण व्हावी.

बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्याचा आणि मातीतून उगवणाऱ्या औषधींबद्दल देवाचे उपकार मानण्याचा उपदेश आहे. तो ग्रंथही एका यहुदी ज्ञानी पुरुषाने लिहिलेला, आणि आपण तो मिस्सामध्ये आदराने ऐकतो. तेव्हा यंदा आपल्या परसात एखादे कोकम, एखादी निर्गुडी किंवा आवळ्याचे रोप जरूर लावा. औषध घेताना डॉक्टरांचा सल्ला घ्या, कारण झाडपाला म्हणजे निर्धोक असे नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांना कोणता पाला कशासाठी वापरतात ते विचारा व वहीत लिहून ठेवा. आणि रोपाला पहिले पाणी घालताना गार्सिया, त्यांची बहीण कातारिना आणि पाला तोडून आणणारी ती अँटोनिया, या तिघांसाठी एक छोटीशी प्रार्थना करा.