विश्लेषण : इन्सुलिनची गोळी अजून का नाही? फ्रेडरिक बँटिंग यांची कहाणी काय सांगते?

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितले की बहुतेक रुग्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुईऐवजी गोळी नाही का? हा प्रश्न इन्सुलिनइतकाच जुना आहे. ज्यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन जगाला मिळाले, त्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या काळातच ते तोंडावाटे देऊन पाहिले गेले होते.

कोण होते बँटिंग?

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, अ‍ॅलिस्टनजवळच्या एका शेतकरी कुटुंबात १४ नोव्हेंबर १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले. पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. १९१८ मध्ये फ्रान्समधील काँब्रे येथे ते जखमी झाले. शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२० मध्ये त्यांनी ओंटारिओतीलच लंडन या शहरात दवाखाना थाटला, पण रुग्ण फिरकेनात. पहिल्या महिन्याची कमाई अवघी ४ डॉलर होती. खर्च भागवण्यासाठी ते तेथील विद्यापीठात अर्धवेळ शिकवू लागले.

इन्सुलिनची कल्पना कशी सुचली?

३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाची तयारी करून झोप लागत नसताना. स्वादुपिंड दोन कामे करते : अन्न पचवणारा रस बनवणे आणि साखर ताब्यात ठेवणारे द्रव्य रक्तात सोडणे. हे दुसरे द्रव्य वेगळे काढण्याचे अनेकांचे प्रयत्न फसले होते. अर्क काढताना पाचकरसच त्याचा नाश करत असावा, असा बँटिंग यांचा तर्क होता. स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकली तर पाचकरस बनवणाऱ्या पेशी सुकतील आणि हवे ते द्रव्य शाबूत मिळेल, असे त्यांना वाटले.

टोरांटो विद्यापीठातील प्रा. जॉन मॅक्लाऊड यांनी आधी साशंकता दाखवली, पण प्रयोगशाळा, कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण मदतनीस दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले. पुढे नलिका बांधण्याचीही गरज उरली नाही. अल्कोहोल वापरून थेट स्वादुपिंडातून अर्क काढता येऊ लागला. तो शुद्ध करण्याचे अवघड काम जेम्स कॉलिप यांनी केले.

मग सुईच का?

डिसेंबर १९२१ मध्ये बँटिंग यांचे मधुमेही वर्गमित्र डॉ. जो गिलख्रिस्ट यांना हा अर्क तोंडावाटे देण्यात आला. काहीच फरक पडला नाही. कारण इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. आपण खाल्लेल्या डाळीतील प्रथिनांचे पोटात जे होते, तेच त्याचेही होते : पाचकरस त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचलेले इन्सुलिनही मोठ्या रेणूमुळे आतड्याच्या भिंतीतून सहज रक्तात जात नाही. बँटिंग यांनी जो शत्रू प्रयोगशाळेत टाळू पाहिला, तोच रुग्णाच्या पोटात बसलेला होता.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता. सुई टोचल्या जागी गळू झाले आणि साखर फारशी उतरली नाही. २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा शुद्ध अर्क दिल्यावर मात्र गुण आला. लिओनार्ड आणखी १३ वर्षे जगला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा तिचे वजन जेमतेम २० किलो होते. ती १९८१ पर्यंत जगली. आयुष्यभरात तिने ४२ हजारांहून अधिक इंजेक्शने घेतल्याचे सांगितले जाते.

बँटिंग यांचे पुढे काय झाले?

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकले. १९२३ चे नोबेल बँटिंग व मॅक्लाऊड यांना मिळाले. बेस्ट यांना डावलल्याने बँटिंग संतापले आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम बेस्ट यांना दिली. मॅक्लाऊड यांनी कॉलिप यांना दिली. तेव्हा बँटिंग ३२ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला जाताना न्यूफाउंडलंडमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा जन्मदिवस आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आज सुईला पर्याय कोणते?

तोंडाने ओढायचे इन्सुलिन हा सर्वाधिक चर्चेतला पर्याय. फुप्फुसातून औषध रक्तात जाते, पाचकरसांशी गाठच पडत नाही. ‘एक्झुबेरा’ हे असे पहिले औषध २००६ मध्ये आले, पण विक्री न झाल्याने २००७ मध्येच कंपनीने ते बंद केले. ‘अफ्रेझा’ या भुकटीला अमेरिकेत २०१४ मध्ये आणि भारतात डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही भुकटी तोंडाने ओढून जेवणाच्या वेळी घ्यायची असते. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांना ती चालत नाही. टाइप १ रुग्णांना सोबत दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन टोचून घ्यावेच लागते.

पंपामुळे दिवसातून अनेकदा टोचणे वाचते, पण त्वचेखालची बारीक नळी दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. जेट उपकरण सुईविना, दाबाने औषध त्वचेतून आत सोडते. इन्सुलिनच्या गोळीवर संशोधन सुरू आहे. २०२३ च्या सुरुवातीला अशा एका गोळीची अंतिम टप्प्यातील चाचणी अपयशी ठरली. मधुमेहाच्या ज्या गोळ्या आज मिळतात, त्या इन्सुलिन नव्हेत.

दरम्यान सुई मात्र बदलली. उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंजऐवजी आज पेनची ४ मिलिमीटरची बारीक सुई मिळते. गोळीची वाट पाहत इन्सुलिन लांबवले, तर वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचे नुकसान करत राहते. टाइप १ रुग्णाने तर ते थांबवणे थेट जिवावर बेतते. पर्याय हवा असल्यास तो डॉक्टरांना विचारावा. तोवर चालू इन्सुलिन बंद करू नये.