हरलेला अर्जदार : राजनारायण

१२ जून १९७५. कामरेजला वडील गुजरात विधानसभेचे निकाल ऐकायला रेडिओजवळ बसले होते. आली अलाहाबादची बातमी. काशीकडचे समाजवादी राजनारायण (जन्म १९१७) १९७१ मध्ये रायबरेलीत लाखावर मतांनी पडून कोर्टात गेले, तेव्हा वडील हसले होते. आता न्या. जगमोहनलाल सिन्हांनी सरकारी यंत्रणा वापरल्यावरून इंदिरा गांधींची निवड रद्द केली! तेरा दिवसांत आणीबाणी, राजनारायण तुरुंगात. मग कायदाच पूर्वलक्षी बदलला; नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात ते हरले. १९७७ मध्ये तिथेच ५५,२०२ मतांनी जिंकून मंत्री झाले. पण १९७९ मध्ये आमच्या वलसाडकडच्या मोरारजींचे सरकार पाडण्यात तेच पुढे. १९८६ मध्ये राजनारायण वारले, तरी वडिलांचा तो राग मी गेलेला पाहिला नाही.