ना लाईट, ना बॅटरी : घराची ऊब सांभाळणारा व्हॉल्व्ह एका शेतकऱ्याच्या पोराने बनवला होता

कागल तालुक्यातल्या बिद्रीत दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बॉयलरमध्ये बगॅस जळायला लागतं. वाफ तयार होते एका ठिकाणी, पण लागते अनेक ठिकाणी. रस तापवायला, रसातलं पाणी उडवायला आणि शेवटी पॅनमध्ये साखरेचा दाणा तयार करायला.

आता बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला पॅनला किती वाफ हवी ते दिसत नाही. आणि पॅनमनला बॉयलरचा जाळ दिसत नाही.

म्हणून इथं दोन कारभारी लागतात. वाफ किती बनवायची ते बघणारा एक, आणि आपल्या जागेवर ती किती घ्यायची ते बघणारा दुसरा. दोघांचं जुळलं तर ठीक, नाहीतर एकीकडे रस काळवंडतो आणि दुसरीकडे तापतच नाही.

थंड देशांमधल्या घरात अगदी हाच कारभार चालतो. फक्त तिथं वाफेऐवजी बहुतेक गरम पाणी असतं आणि पॅनऐवजी रेडिएटर. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेली पत्र्याची किंवा लोखंडाची चपटी पेटी, जिच्या आतून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार होते.

या रेडिएटरच्या खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यात एक गोल मूठ असते. तिच्यावर १ ते ५ आकडे. शिकायला जर्मनीला गेलेली आपल्याकडची पोरं पहिल्याच थंडीत ती मूठ थेट ५ वर फिरवतात. त्यांना वाटतं, हा फॅनचा रेग्युलेटर आहे.

तो रेग्युलेटर नाही. आणि ते ज्यांनी करून दाखवलं त्यांचं नाव मॅड्स क्लॉसेन.

क्लॉसेन यांचा जन्म १९०५ चा. गाव एल्समार्क, आल्स नावाच्या बेटावरचं. घरी शेती. गंमत म्हणजे पोरगं जन्माला आलं तेव्हा हे डॅनिश बोलणारं बेट जर्मनीच्या ताब्यात होतं. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने तो भाग गमावला होता. पुढे पहिलं महायुद्ध संपलं, १९२० साली सार्वमत झालं आणि लोकांनी डेन्मार्कला कौल दिला. मॅड्स तेव्हा १४ वर्षांचा होता. बिद्रीपासून निपाणी काही लांब नाही, त्यामुळे सीमाभागाचं दुखणं काय असतं ते या पट्ट्यात वेगळं सांगायला नको. आल्सच्या लोकांना निदान एकदा विचारलं तरी गेलं.

मॅड्सने ओडेन्स शहरात जाऊन मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. १९२७ ला शिक्षण संपलं, पुढची काही वर्षं नोकरीत गेली. आणि तिथं त्यांना नाद लागला तो गारवा करणाऱ्या यंत्रांचा.

डेन्मार्क म्हणजे सहकारी दूध संस्थांचा देश. लोणी, दूध, मांस परदेशात पाठवायचं तर शीतगृह हवंच. शीतगृहाच्या यंत्रात एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नावाचा एक छोटा भाग असतो. गारवा करणारा द्रव पाईपमध्ये किती सोडायचा ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. जास्त सोडला तर यंत्र खराब, कमी सोडला तर माल खराब. आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांमध्ये जे बल्क कूलर दिसतात, त्यांच्या पोटातही याच जातीचा व्हॉल्व्ह असतो.

तेव्हा असे व्हॉल्व्ह अमेरिकेतून यायचे. पण १९३० नंतरच्या जागतिक मंदीत डेन्मार्कने परकीय चलनावर निर्बंध घातले आणि बाहेरून माल आणणं अवघड होऊन बसलं.

क्लॉसेन यांनी ठरवलं, आपणच बनवायचा.

१९३३ साली ते गावाकडे परत आले आणि आईवडिलांच्या घराच्या माळ्यावर काम सुरू केलं. शहरात गाळा घेतला नाही, भांडवलदार शोधत बसले नाहीत. माळा भरला तसं काम आवारात उतरलं आणि तिथून शेतात पसरलं. हीच कंपनी १९४६ पासून डॅनफॉस या नावाने ओळखली जाऊ लागली.

पण आपला विषय त्याआधीचा, १९४३ चा आहे.

डेन्मार्क तेव्हा हिटलरच्या फौजांच्या ताब्यात होता. युद्धाआधी कोळसा ब्रिटनमधून यायचा, तो १९४० ला बंद झाला. लोक दलदलीतला पीट खणून, वाळवून जाळत होते. आणि अशा टंचाईत घराघरातल्या रेडिएटरचं काय चाललं होतं? उन्हाने तापलेल्या खोलीतही पाणी त्याच जोमाने फिरत होतं. खोली फार तापली की लोक खिडकी उघडायचे, म्हणजे मुश्किलीने मिळालेलं जळण सरळ रस्त्यावर.

व्हॉल्व्ह होते, नाही असं नाही. पण ते हाताने फिरवायचे, आपल्या नळासारखे. रात्री दोनदा उठून कोण फिरवणार?

क्लॉसेन यांनी शीतगृहातली युक्ती इथं उलटी केली. शीतगृहाच्या व्हॉल्व्हमध्ये एक बंद फुगा असतो. तो गरम झाला की आतला वायू फुगतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. रेडिएटरच्या मुठीतही तसाच फुगा बसवायचा, मात्र तो फुगला की व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. खोली तापली, फुगा फुगला, त्याने एक बारीक पिन आत ढकलली, गरम पाण्याची वाट अरुंद झाली. खोली गार झाली, फुगा आकसला, स्प्रिंगने पिन बाहेर आली, पाणी पुन्हा सुरू. फुग्यात वायू असो, द्रव असो की मेण, काम तेच. ना वायर, ना बॅटरी.

आणि मुठीवरचा आकडा म्हणजे पिन कधी ढकलायची याची फक्त खूणगाठ. साधारणपणे ३ म्हणजे खोली २० अंशांच्या आसपास. ५ म्हणजे २८ च्या आसपास. त्यामुळे ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. गार खोलीत ३ वरही व्हॉल्व्ह जवळपास पूर्ण उघडाच असतो. फरक एवढाच की ३ वाला २० ला थांबतो आणि ५ वाला थांबायचं नाव घेत नाही. बिल मात्र येतं.

मग भिंतीवरचा थर्मोस्टॅट कशाला?

तर तो बॉयलरवाला कारभारी. बऱ्याच घरांत एका खोलीत, बहुतेक करून बैठकीच्या खोलीत, थर्मोस्टॅट असतो. त्या खोलीचं तापमान ठरलेल्या आकड्याला पोचलं की तो बॉयलरला थांब म्हणून सांगतो. बाकीच्या खोल्यांत काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो. रेडिएटरवरच्या मुठीला फक्त आपल्या खोलीचं कळतं आणि ती बॉयलरला काहीच सांगू शकत नाही.

खरी भांडणं इथं होतात.

समजा थर्मोस्टॅट २१ वर आहे आणि त्याच खोलीतल्या रेडिएटरची मूठ २ वर. दोनच्या हिशेबाने व्हॉल्व्ह १७ अंशांच्या आसपासच पाणी अडवणार. खोली २१ ला पोचणारच नाही. थर्मोस्टॅट बिचारा वाट बघत राहतो आणि बॉयलर फुकट जळत राहतो. म्हणून जिथं थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरला असा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवत नाहीत, किंवा असलाच तर पूर्ण उघडा ठेवतात.

उलटंही होतं. बैठकीच्या खोलीत दहा पाहुणे जमले, स्वयंपाकघराची उष्णता आली, थर्मोस्टॅटने बॉयलर बंद केला. आता झोपायच्या खोलीत मूठ ५ वर फिरवा नाहीतर तिच्यासमोर हात जोडा, पाईपात गरम पाणीच नाही म्हटल्यावर व्हॉल्व्ह काय करणार?

मुठीवर जाड पडदा सोडला किंवा पुढे सोफा लावला तरी घोळ होतो. फुग्याला पडद्यामागची गरम हवा लागते, तो खोली तापली असं समजून बंद होतो आणि माणसं स्वेटर घालून कुडकुडत बसतात. आणखी एक भानगड म्हणजे सगळ्याच खोल्यांचे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले तर पंप पाणी ढकलणार कुठं? त्यासाठी पाण्याला फिरून परत यायला एक आडवाट ठेवलेली असते.

एवढं सगळं असूनही हा व्हॉल्व्ह लगेच घरोघरी गेला नाही. १९४३ ला कल्पना आली, पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला १९५२ उजाडलं. युद्धानंतर तेल स्वस्त झालं होतं. खिडकी उघडून ऊब सोडून देणं लोकांना परवडत होतं.

क्लॉसेन यांच्या कंपनीला फ्रिज, शीतगृहं आणि बॉयलरचे भाग या धंद्याने मोठं केलं. आल्सच्या शेतांमध्ये हजारो लोकांना काम देणारा कारखाना उभा राहिला. शहराकडे जाणारी पोरं बेटावरच थांबली. कारखाना आपल्या गावातून हलवायचा नाही या हट्टाचा हा परिणाम, आणि व्हॉल्व्हइतकंच याचंही कौतुक व्हायला हवं.

१९६६ साली वयाच्या साठाव्या वर्षी क्लॉसेन वारले. पत्नी बिटेन क्लॉसेन यांनी संचालक मंडळाचं अध्यक्षपद घेतलं. पुढे १९७१ साली दोघांच्या नावाने फाउंडेशन झालं आणि कंपनीची सूत्रं बाहेरच्या कुणाच्या हातात जाणार नाहीत अशी सोय झाली.

त्यानंतर दोनच वर्षांत, १९७३ ला, अरब देशांनी तेल रोखलं. डेन्मार्कची जवळपास सगळी ऊर्जा बाहेरून येणाऱ्या तेलावर चालायची. रविवारी गाड्या चालवायला बंदी आली, लोक मोकळ्या रस्त्यांवरून सायकली मारत फिरले. आणि घराघरात रेडिएटरची जुनी मूठ काढून नवी बसवायची घाई सुरू झाली. जर्मनीने १९७८ पासून त्यासाठी नियमच करायला सुरुवात केली.

ही घाई बघायला क्लॉसेन नव्हते. बिटेन होत्या. त्या २०१६ पर्यंत, शंभरी ओलांडून जगल्या. कंपनीचं मुख्य कार्यालय आजही आल्स बेटावर, नॉर्डबोर्गला आहे.