हाफकिनची शिरगणती

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे हे आपणा सर्वांना ठाऊक असते. आपल्या पिंपरीतही त्याच नावाच्या महामंडळाचे केंद्र आहे. हाफकिन यांनी प्लेगची लस काढली एवढे शाळेतच कळते. परंतु ती लस खरोखर गुण देते की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांनी माणसे कशी मोजली, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात लस कमी आणि मोजणीच जास्त येणार आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. (हिंदुस्थानातल्या गोऱ्या डॉक्टरांना पुढे हीच गोष्ट फार खुपली.) झारच्या राज्यात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणे कठीण. तेव्हा ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले आणि जागा मिळाली ती ग्रंथालयात साहाय्यकाची! ग्रंथालय सांभाळून त्यांनी पटकीची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी एक पद्धत धरली. एकाच घरात टोचलेले आणि न टोचलेले असे दोन्ही असतील तर त्यांची तुलना करायची, कारण दोघांचे पाणी एक, हवा एक, अन्न एक.

आमच्या घरी नवे खत आणले की वडील कांद्याच्या अर्ध्या वाफ्याला ते घालतात आणि अर्धा तसाच ठेवतात. सगळ्या वाफ्याला घातले आणि पीक चांगले आले, तर ते खताने आले की पावसाने, कोणी सांगावे? हाफकिन यांचे शास्त्र याहून वेगळे नव्हते. फरक इतकाच की त्यांच्या वाफ्यात माणसे होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन अशिक्षित मदतनीस एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. मांसरसात तुपाचे थेंब सोडून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचे, मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी ती कृती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना दिली त्याच्या तिपटीहून ही मात्रा अधिक होती.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्मे टोचून घ्यायला पुढे आले. टोचलेल्या जवळजवळ दीडशे जणांत पुढे दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाही. न टोचलेले थोडे अधिक होते. त्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचणीच्या दिवशीच ज्यांचा आजार उघड झाला, त्यांना या हिशेबातून वेगळे ठेवले होते. लस लागू पडायला वेळ लागतो, हे त्यामागचे कारण.

आता तुरुंगात पुढे येणारा कैदी कितपत आपखुशीने पुढे आला असेल, ही शंका मला येते. शिवाय जो स्वतः पुढे येतो तो आधीच धडधाकट असेल, तर मोजणीच फसते. हाफकिन यांनाही हे उमगले असावे, कारण फेब्रुवारी १८९८ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे राज्यात, उंढेरा गावी, त्यांनी निराळी रीत वापरली. एकेक कुटुंब बोलावून त्यातली निम्मी माणसे टोचायची, निम्मी सोडायची. दोन्हीकडे बायका, मुले, म्हातारे, दुबळे सारखे यावेत अशी वाटणी त्यांनी स्वतः केली. ज्या २८ घरांत पुढे प्लेग आला, त्यांत टोचलेले ७१ होते. ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेले ६४ होते. २७ आजारी पडले आणि २६ मेले. म्हणजे एकीकडे शंभरात चार, दुसरीकडे शंभरात चाळीस!

हे आकडे मी वहीत मांडले तेव्हा प्रथम लशीचे कौतुक वाटले आणि मग त्या २६ जणांशी अडखळलो. आमची आजी तिच्या आजेसासूकडून ऐकलेले सांगते, की प्लेगात गाव सोडून माणसे माळावर खोपटी घालून राहत. उंढेऱ्यात एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला टोचले असेल, दुसऱ्याला नाही. पण लस उपयोगी आहे हे त्या दिवशी कोणाला पक्के ठाऊक होते? ठाऊक नव्हते म्हणूनच तर मोजणी होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून औषध पारखण्याची रीत इंग्लंडमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने १९४८ साली गाजली. उंढेरा त्याआधी ५० वर्षे.

१८९९ साली परळला जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा आली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले! चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांची नोकरी गेली. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही नोंद पुराव्यात होती. शिवाय धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे बंद बाटलीत वाढले असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे मांडले आणि १९०७ च्या जुलैत रॉस व इतर शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली होती.

पुन्हा नेमणूक झाली ती कलकत्त्याला. तेथे त्यांनी पटकीची नवी, मृत जंतूंची लस तयार केली. पण माणसांवर तिची चाचणी घेण्याची परवानगी सरकारने दिली नाही. निवृत्त होऊन ते युरोपात परतले. लग्न केले नव्हते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.