अंगणात शाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडिलांचे नाव सदाशिवराव व आईचे नाव उमाबाई. उमाबाई आधी विधवा होत्या. त्या काळी विधवा बाईने पुन्हा लग्न करायचे नाही अशी रूढी होती. पण सदाशिवराव प्रार्थना समाजाचे होते. त्यांनी लोकांची पर्वा न करता उमाबाईंशी लग्न केले. म्हणजे जुन्या चाली मोडायचे धाडस ताराबाईंच्या घरातच होते.

ताराबाई मुंबईत शिकल्या व १९१४ साली बी. ए. झाल्या. माझ्या आजीची आई अंगठा करायची, आणि ती तर ताराबाईंच्या पुष्कळ नंतरची. यावरून त्या काळी बाईने बी. ए. होणे म्हणजे काय ते समजते. पुढे त्यांचे लग्न झाले व त्या अमरावतीला गेल्या. पण संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. (त्याच साली आपल्याकडे मुळशी सत्याग्रह सुरू झाला होता.) लहान मुलीला घेऊन त्या एकट्या राजकोटला गेल्या. राजकोट गुजरातमध्ये आहे. तिथे बायकांना शिक्षिका बनवणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते, त्याच्या त्या प्रिन्सिपॉल झाल्या. ही मोठी नोकरी होती.

आता त्यांची मुलगी मोठी होऊ लागली. तिला कुठल्या शाळेत घालावे याचा ताराबाई विचार करू लागल्या. तेव्हाच्या शाळेत मांडी घालून बसायचे, पाठ करायचे आणि चुकले की छडी खायची. एवढ्या लहान पोरीला हे नको असे त्यांना वाटले. शोधता शोधता त्यांना गिजुभाई बधेका यांच्याविषयी कळले. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला लहान मुलांचे बालमंदिर काढले होते. मग काय, १९२३ साली ताराबाईंनी मोठी नोकरी सोडली आणि त्या मुलीला घेऊन भावनगरला गेल्या. घरात कमावणारे दुसरे कोणी नाही, तरी नोकरी सोडली. आमच्या घरी हे वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली की असे करायला छाती लागते.

गिजुभाई आधी वकील होते. त्यांना मोठ्या मिशा होत्या, म्हणून मुले त्यांना मिशीवाली आई म्हणत. गुजरातीत मुछाळी मा. इटली देशात मारिया मॉन्टेसरी नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी १९०७ साली रोम शहरात गरिबांच्या मुलांसाठी बालगृह काढले होते. तिथली पद्धत गिजुभाईंनी भावनगरला आणली.

ती पद्धत मी नीट सांगतो, कारण ती आपल्या वर्गाच्या कामाची आहे. वर्गातली मांडणी मुलाच्या हाताला येईल एवढी बुटकी असायची. साधन वरच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे नाही. मुलाने आपले आपण साधन घ्यायचे, बसकर टाकून त्यावर बसून खेळायचे, आणि झाले की जिथून घेतले तिथेच ठेवायचे. तोपर्यंत दुसऱ्याने ते ओढायचे नाही, थांबायचे. साधने म्हणजे लाकडी ठोकळे, दट्टे, रंगीत पाट्या, खरखरीत कागदाची अक्षरे. एक गुलाबी मनोरा असतो. त्यात दहा ठोकळे, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा व सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा. मधला एक ठोकळा विसरला तर शेवटी तो हातातच उरतो. म्हणजे चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही, ठोकळाच सांगतो. मला हे फार आवडले. गणिताच्या वहीत असे झाले तर किती बरे होईल.

आणखी एक शांतीचा खेळ असे. सगळ्यांनी अगदी गप्प बसायचे. पाय हलवायचा नाही, चुळबूळ नाही. मग बाई हळूच एकेकाचे नाव घ्यायच्या. ज्याचे नाव ऐकू आले त्याने पाय न वाजवता त्यांच्याकडे जायचे. छडी न दाखवता वर्ग शांत व्हायचा. पण हा खेळ काही लगेच जमत नाही. गिजुभाईंनी दिवास्वप्न नावाचे पुस्तक लिहिले आहे. त्यातली गोष्ट चौथीच्याच वर्गाची आहे! त्यातले गुरुजी पहिल्या दिवशी शांतीचा खेळ घ्यायला जातात आणि मुले नुसता गोंधळ घालतात. मग ते गुरुजी हुशारी करतात. मुलांना गोष्ट सांगायला लागतात, तेव्हा मुले आपोआप गप्प. त्यानंतर स्वच्छता, खेळ, पुस्तके असे एकेक सुरू करतात. आमच्या वर्गात आम्ही शांतीचा खेळ दोनदा केला. पहिल्या वेळी कोणीतरी म्हशीसारखा आवाज काढला. दुसऱ्या वेळी बरा झाला, ओढ्याचे पाणी ऐकू आले.

ताराबाई गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्या होत्या. शिक्षण पत्रिका नावाचे मासिक निघे, त्याचेही काम त्यांनी केले. आईबापांना व शिक्षकांना लहान मुलांशी कसे वागावे हे त्यातून सांगितले जाई. त्यांनी मुलांसाठी गोष्टीसुद्धा पुष्कळ लिहिल्या. १९३६ साली त्यांनी मुंबईला दादरमध्ये शिशुविहार सुरू केले. तिथे मराठी मुले शिकू लागली. बालवाडीच्या शिक्षिका तयार करायचे कामही त्यांनी केले. सगळे छान चालले होते.

पण दादरची मुले शहरातली, बऱ्या घरची. खेड्यातल्या मुलांचे काय, असे ताराबाईंना वाटू लागले. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. म्हणून १९४५ साली त्या बोर्डी या गावी गेल्या. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. बोर्डी डहाणू तालुक्यात समुद्राकाठी आहे. पूर्वी तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा झाला आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या. त्यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावला झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहाच महिन्यांत त्या विधवा झाल्या. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या व पुण्याला हुजूरपागेत शिकवत होत्या. ते सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि शेवटपर्यंत ताराबाईंच्या बरोबर राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आई सकाळी कामाला जायची. मग मुलाला आंघोळ कोण घालणार, केस कोण विंचरणार, शाळेत कोण पोचवणार? शिवाय वस्तीतल्या लोकांना वाटायचे की आपल्या पोरांना तिकडे कोण बसू देईल. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते की या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाकडे न्यायची असे त्यांनी ठरवले. बाया वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात त्यांनी बालवाडी भरवली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आपण रोज हा शब्द बोलतो, पण तो इथून आला हे मला माहीत नव्हते.

अंगणवाडीचा दिवस कसा असायचा ते ऐका. आधी सगळ्यांनी मिळून जागा झाडायची. मग हात, पाय, तोंड धुणे, जरूर असेल त्याला आंघोळ. नखे बघायची, केस विंचरायचे. लहान मूल घाण आहे म्हणून परत पाठवायचे नाही, तिथेच स्वच्छ करायचे. आमच्या गुरुजींनी हे वाक्य मला दोनदा लिहायला लावले होते, मी एकदाच ठेवले आहे. मग प्रार्थना, बडबडगीते, गोष्ट, मातीकाम, चित्रे, मोजणे. दर दिवशी साधारण तोच क्रम. लहान मुलाला आता पुढे काय होणार हे ठाऊक असले की ते रडत नाही. आमच्या शेजारच्या अंगणवाडीत मी हे बघितले आहे. गाणे संपले की खाऊ, हे दोन वर्षांच्या पोरालापण कळते आणि ते आधीच वाटीकडे बघते.

आता इटलीची लाकडी साधने फार महाग. खेड्यात कुठून आणायची? ताराबाई व अनुताईंनी पैसे न लागणारी साधने केली. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या, माती. लहानमोठे खडे क्रमाने लावले की मनोऱ्याचेच काम झाले. बिया मोजल्या की अंक आले. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण मुळा नदीचे गोटे आहेत, हिरडे आहेत, करवंदाच्या बिया आहेत. पहिलीच्या वर्गासाठी आम्ही चौथीच्या मुलांनी दहा दहा हिरड्यांचे गठ्ठे करून दिले आहेत. त्याची पिशवी खुंटीला आहे, येणाऱ्या पालकांनी बघावी.

पुढे काही वर्षांनी हे केंद्र बोर्डीहून कोसबादला गेले. कोसबाद ही टेकडी आहे. आजूबाजूला वारली लोकांचे पाडे. इथे तर आणखी अवघड. मोठी मुले गुरे राखायला जात आणि मुली घरी लहान भावंडांना सांभाळत. मुलगी शाळेत आली तर बाळाला कोण बघणार? आणि मुलगा शाळेत आला तर गुरे कोण राखणार?

ताराबाईंनी दोन गोष्टी केल्या. पहिली, विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. म्हणजे ताईने येताना बाळाला कडेवर घेऊन यायचे, बाळ पाळणाघरात ठेवायचे, मधले भावंड बालवाडीत सोडायचे आणि आपण आपल्या वर्गात बसायचे. सुटल्यावर तिघांनी मिळून घरी. बाळ रडले तर ताई जवळच.

दुसरी म्हणजे कुरणशाळा. मुले जिथे गुरे चारतात त्या माळावरच शिक्षक जायचे. गुरे तिकडे चरतात, मुले इकडे शिकतात. भिंत नाही, घंटा नाही, गाय लांब गेली तर उठून वळवून आणायची आणि पुन्हा बसायचे. ताराबाईंनी इतके काही केले, पण मला विचाराल तर कुरणशाळा एक नंबर. मी म्हशींमागे जातो तेव्हा माझ्या मनात येते की इथे फळा असता तर. झाडाला टांगता येतो.

विकासवाडीविषयी मला पालकांना एक सांगायचे आहे. आपल्याकडे आवणी लागली की सगळी मोठी माणसे खाचरात असतात. तेव्हा आमच्या वर्गातल्या तीन मुली दोन दोन आठवडे येत नाहीत, कारण घरी बाळ असते. त्यातली एक पाढे सगळ्यात चांगले म्हणते. परत आली की तिला भागाकार समजत नाही आणि ती मागे बसते. गुरुजी म्हणाले आहेत की आवणीच्या दिवसांत मुलींनी बाळाला घेऊन आले तरी चालेल. अंगणवाडीच्या ताईंनीपण हो म्हटले आहे. व्हरांड्यात झोळी बांधायला कडी आहे. फक्त कोणीतरी जुनी मऊ साडी द्यावी आणि घरच्यांनी मुलींना पाठवावे. माझ्या आईने एक साडी दिली आहे, अजून दोन लागतील.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. तरी म्हातारपणी त्यांचे मन कोसबादच्या कामातच होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. त्यांचे वय ८१ होते.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आता देशात लाखो अंगणवाड्या आहेत. आपल्या मुळशी तालुक्यात डोंगरातल्या वाड्यांवरसुद्धा आहेत. आमच्या शेजारची अंगणवाडी आता पक्क्या खोलीत भरते, पण थंडीत ताई मुलांना बाहेर उन्हातच बसवतात.

अनुताई कोसबादलाच राहिल्या. त्यांनी कोसबादच्या टेकडीवरून या नावाचे पुस्तक लिहिले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.